मी वेगवान झालो, तेव्हा

मित्रांनो, मी एक संगणक आहे. वय म्हणाल तर बारा वर्षे, म्हणजे आमच्यात म्हातारपणच. पण हल्ली मला कोणी म्हातारा म्हणत नाही. बटण दाबले की वीस सेकंदांत मी कामाला हजर. लोक कौतुकाने बघतात. त्याचा मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. का होत नाही, तेच सांगतो.

जालन्याच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि मी अंबडला, कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात आलो. दुकान भागवतभाऊंचे, पण माझ्यासमोर बसायच्या त्या वंदनाताई. नवरा वारल्यावर त्या इथे कामाला लागल्या. त्यांचे आणि मीनाचे, म्हणजे त्यांच्या मुलीचे, घर याच खुर्चीवर चालायचे. भागवतभाऊंना टायपिंग दोन बोटांनी येत असे. ते बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारत.

ताईंनी स्वतःच्या हौसेने एक काम केले. प्रत्येक प्रकारच्या कागदाचा त्यांनी एकेक नमुना तयार केला. सासरी गेल्यावर नाव बदललेल्या बाईचे "ही दोन्ही नावे माझीच" असे शपथपत्र, भावाभावांच्या सामाईक विहिरीचे संमतिपत्र, हरवलेल्या गुणपत्रिकेचा अर्ज. कोणता शब्द राहिला की कागद परत येतो, हे ताई कोर्टातल्या लोकांना विचारून विचारून शिकल्या होत्या. असे तीनशेच्या वर नमुने माझ्या पोटात जमा झाले. फक्त नाव आणि गाव भरायचे, बाकी सगळे तयार.

पुढे माझी हार्डडिस्क थकली. तिच्यातली तबकडी कुरकुरत फिरायची आणि मला सुरू व्हायला आठ-आठ मिनिटे लागायची. नमुना उघडायला सांगितला की मी नुसता बघत बसायचो. लोक ताईंवर कावायचे. केदारखेड्याहून बहिणीच्या कामासाठी आलेले कचरू नावाचे एक गृहस्थ तर म्हणाले, "बाई, तुमचं मशीन झोपलं का मेलं? माझी यष्टी चालली ना!"

एके दिवशी भागवतभाऊ चिडले. "ताई, हे खटारं भंगारात घालू. आन् तुमच्यानं बी आता काम उरकत न्हाई. असंच चाललं तर मला दुसरं मानूस बघावं लागंल."

दोष माझा आणि ठपका ताईंवर. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी मला चादरीत गुंडाळले आणि मांडीवर घेऊन त्या जालन्याच्या बसमध्ये बसल्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" ताई हसल्या, पण माझ्याभोवतीचा हात त्यांनी सैल केला नाही.

जालन्यात अबुजरभाईंनी मला उघडून पाहिले. "ताई, मशीन बिलकुल ठीक हाय. एसएसडी टाकू, मंग बघा कशी पळती."

एसएसडी म्हणजे पंजात मावेल अशी चपटी डबी. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे ठेवलेली गोष्ट चटकन हाताशी येते. ताईंचा जीव मात्र नमुन्यांत अडकला होता.

"अबुजरभाई, नमुने समदे उतरवा. एक बी राहू देऊ नका. माझी दहा वर्षं हायेत त्यात."

"बराबर मोजून घेतले, ताई. बेफिकीर राहा."

दुसऱ्या दिवशी ताईंनी बटण दाबले आणि हात मागे घेईपर्यंत मी तयार! त्या लहान मुलीसारख्या हसल्या. दुपारपर्यंत रांग संपली. मी फुशारलो, खोटे कशाला बोलू? भागवतभाऊही खूश झाले आणि रोज ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. "हे कुठून उघडता? इथं काय भरता?" ताईंनी भाबडेपणाने सगळे दाखवले. कोणता नमुना कुठे आहे, कुठे नाव, कुठे गाव, काही म्हणून हातचे राखले नाही.

पंधरा दिवसांनी भाऊ म्हणाले, "ताई, आता दुपारपर्यंतच काम सरून राह्यलं. मी एकटा बराबर उरकतो. उद्यापासून तुम्ही न्हाई आल्या तरी चालंल."

"भाऊ, मशीन मीच तर नीट करून आणलं."

"मंग! लई मोठं काम केलं तुम्ही."

मित्रांनो, हे ते कौतुकाने म्हणाले. त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

महिनाभराने ताई पुन्हा आल्या, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसल्या. जालन्यात एका वकिलांकडे टायपिस्टची जागा होती आणि त्यांना अनुभवाचे प्रमाणपत्र हवे होते. ते मिळाले तर मीनाचे कॉलेज सुटणार नव्हते. प्रमाणपत्राचा नमुनाही त्यांनीच केलेला. भाऊंनी तो उघडला आणि थांबले. "दहा वर्षं लिहिलं तर उद्या तुम्ही नोकरीवर हक्क सांगताल." मग दोन बोटांनी त्यांनी टाइप केले, 'काही महिने मदतनीस म्हणून येत होत्या.'

पूर्वीचा मी असतो तर तिथेच अडकून पडलो असतो. तेवढ्यात ताई भांडल्या असत्या, त्यांनी कोर्टातून एखादा ओळखीचा माणूस बोलावला असता. आता त्या "भाऊ, जरा थांबा..." म्हणेपर्यंत प्रिंटरमधून कागद बाहेर आला होता. त्यावर सही झाली, शिक्का बसला. ताईंनी तो वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्या बसस्टँडकडे गेल्या. त्या नंतर दिसल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी जुना संगणक असेल तर तो टाकून देऊ नका. एसएसडी बसवा, तो पुन्हा उभा राहील. पण मला आता तेवढेच मागायचे नाही. ज्यांच्या कष्टावर तुमचे काम सोपे झाले, त्यांना कामावर ठेवा. आणि ठेवणे जमलेच नाही, तर निदान ते किती वर्षे इथे होते, एवढे तरी खरे लिहून द्या.