उतरलेलं वजन

वजन उतरवणाऱ्या पावडरच्या जाहिरातीत माझी ताई झळकली! आधी गरगरीत, नंतर सडपातळ. तिनं ती पावडर कधी हुंगलीसुद्धा नव्हती; मेल्यांनी फोटो तिच्या आयांच्या ग्रुपवरून ढापले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिव्या टाइप करायला घेतल्या, तर ताई म्हणाली, “थांब गं.” तिनं लेकीला शेजारी उभं करून फोटो काढला आणि जाहिरातीखाली टाकला: “पहिल्या फोटोत मला नववा महिना होता. उतरलेलं वजन हे बघा, आता शाळेत जातं.”

ग्रुपमधल्या बायकांनाही त्या कंपनीच्या इतर जाहिरातींत आपापले फोटो सापडले, मग त्याही आपापली ‘वजनं’ घेऊन तुटून पडल्या. संध्याकाळपर्यंत कंपनीचं पेजच गायब!

ताई काही मिरवत नाही. भाची मात्र दिसेल त्याला ऐटीत सांगते, “ते वजन मीच!”