केरबाला हाक कोण मारणार?

हिंडलग्याच्या त्या गल्लीत ऋतिकाच्या बाळासारखं गुटगुटीत बाळ दुसरं नव्हतं, आणि तिला त्याचीच धास्ती. एम.एस्सी. झालेली बाई, दृष्टबिष्ट मानत नव्हती. पण शेजारच्या जयाबाई "लई ग्वाड हाय गं" म्हणून गेल्या की बाळ हटकून दूध ओकायचं, हे तिनं बरोबर हेरून ठेवलं होतं.

म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी तिनं जाहीर केलं, ठरलेलं साईराज नको, मामंजींचंच नाव ठेवूया.

मामंजी म्हणजे तिचे सासरे, केरबा. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. केराला कोण नजर लावतंय? खरंच लागली नाही. निपाणीत तंबाखूच्या ट्रकवरनं पडले तेही खालच्या बोदावर, तंबाखूच्या मऊ गठ्ठ्यावर, आणि सत्तरीतही दात शाबूत.

सासूबाई, राजाबाई, खवळल्या. "माणूस जित्ता असताना त्येचं नाव ठेवत्यात व्हय? शिकून वाया गेलीस बघ."

"जिवंत आहेत म्हणूनच," ऋतिका म्हणाली.

मामंजींना हे इतकं पटलं की वाद तिथंच मिटला. आत्यानं बाळाच्या कानात 'केरबा' म्हटलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला. घरात सासू, सून, बाळ, आणि बाहेरच्या सोप्यात पेपर वाचणारे मामंजी. बाळाला हाक मारायची वेळ आली आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. एकीच्या तोंडी नवऱ्याचं नाव येईना, दुसरीच्या सासऱ्याचं. ऋतिकानं दार लावून आरशासमोर सराव केला. 'केर'पर्यंत मजल गेली, मग हात आपोआप पदर घ्यायला डोक्याकडं गेला. अंगात तर गाऊन होता.

शेवटी राजाबाई नातवाला "अवो" म्हणू लागल्या आणि ऋतिका "मामंजी".

आठवडाभरात जयाबाई डोळे पुसत आत आल्या. भिंतीपलीकडनं त्यांना रोज ऐकू यायचं, मामंजी, परत शी केलीत? पाय वर करा बघू, पुसते.

"केवढं करतीस गं म्हाताऱ्याचं," त्या गहिवरून म्हणाल्या. "अशी सून लाखात न्हाय."

सोप्यात मामंजींनी पेपर तोंडावर ओढला.

जयाबाई गेल्यावर राजाबाई मीठमिरच्या घेऊन आल्या आणि सुनेला समोर बसवून तिच्यावरनं उतरवू लागल्या. ऋतिका नीट मांडी घालून बसली. बाळाकडं जयाबाईंनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.