दोन बोटं

"शिडी, मध, कोट, पूल, कोंबडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणा बघू."

ओरेस्ट कोस्त्युकने पाचही शब्द धडाधड म्हणून दाखवले.

"छान. लक्षात ठेवा हं. थोड्या वेळानं परत विचारणार आहे."

मग त्यांनी त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले, पडद्यावर झरझर जाणाऱ्या आकृत्यांतली आधी दिसलेली कोणती ते ओळखायला लावलं. एक्कावन्न वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा हा माणूस शाळेतल्या पोरासारखा टेबलावर वाकून बसला होता आणि त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. तो परीक्षा मनापासून देत होता. हे वेगळं सांगावं लागतं, कारण कोस्त्युक घराण्यात डोक्याची परीक्षा मनापासून द्यायची रीत नव्हती.

"आता ते पाच शब्द?"

"शिडी," तो म्हणाला. "मध."

पुढे काही नाही. नुकतं पाणी मारून गोठवलेल्या बर्फाच्या रिंकसारखं डोकं कोरं करकरीत. त्याने खिडकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. डार्लीन मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत होती.

"घाई नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घाई नव्हती, पण शब्दही नव्हते.

त्याला इथे शहरात आणलं होतं ते डार्लीननेच. निमित्त झालं लाल रेघेचं. विलो बेंड गावातल्या आइस हॉकीच्या रिंकचा बर्फ गेली तेवीस वर्षं ओरेस्टच घालत आला होता. दर ऑगस्टला पांढरा रंग, मग निळ्या रेघा, मधोमध लाल, वर्तुळं, आणि वरून पाण्याचे पातळ थर, एकावर एक. डोळे मिटून करायचं काम. या वर्षी सगळं झालं, वर शेवटचा थर गोठला, आणि मुलींच्या संघाची कोच दारातच थबकली. "ओरेस्ट, मधली रेघ कुठंय रे?" त्याने पाहिलं. निळ्या दोन होत्या, लाल नव्हतीच. लाल रंगाचा डबा न उघडता कोपऱ्यात होता.

"मुद्दाम ठेवली नाही," तो म्हणाला. "तुमचं लक्ष आहे का बघत होतो."

गाव हसलं. डार्लीन हसली नाही. तो तरुणपणी ज्या हॉकी संघात होता त्याच्या ऑफिसला तिने चार पत्रं लिहिली, त्याच्या तरुणपणची वैद्यकीय फाइल मागवून घेतली आणि या दवाखान्यात नंबर लावला.

"मुद्दाम" हा त्या घरातला लाडका शब्द. त्याची सुरुवात ओरेस्टच्या बापापासून. म्हातारा वासिल अकरा हंगाम हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये खेळला. खेळला म्हणण्यापेक्षा, संघातल्या चांगल्या खेळाडूंना हात लावणाऱ्यांना ठोकून काढायला त्याला ठेवला होता. त्याच्या काळात डोक्याला मार बसला की ट्रेनर बाकापाशी यायचा आणि नाकासमोर बोटं धरायचा. किती? वासिलने चौथ्याच सामन्यात ओळखलं की या गृहस्थाच्या दुसऱ्या हातात कायम टॉवेल असतो आणि हा दोनच्या वर बोटं दाखवत नाही. "दिसोत न दिसोत, दोन म्हणायचं आणि कठड्यावरून परत बर्फावर उडी टाकायची!" ही गोष्ट वासिलने गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली होती, आणि प्रत्येक लग्नात माणसं पोट धरधरून हसली होती.

ओरेस्टच्या वेळेपर्यंत डॉक्टर शहाणे झाले होते. हंगामाआधीच परीक्षा घेऊन गुण लिहून ठेवायचे आणि मार बसला की परत घ्यायचे. गुण उतरले तर बाकावर बसा. मग खेळाडूही शहाणे झाले. पहिलीच परीक्षा वाईट द्यायची, म्हणजे नंतर उतरायला जागाच नको. तेवीस वर्षांच्या ओरेस्टने दर तिसरं उत्तर चुकवलं, तीसपैकी एकोणीस पाडून घेतले आणि त्या एकोणिसावर एकसष्ट सामने खेळला. त्यात डोकं सात वेळा बर्फावर किंवा काचेवर आपटलं होतं. सातही वेळा कागदावर तो ठणठणीत होता.

डॉक्टरबाई आत जाऊन कागद घेऊन आल्या. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"आज तीसपैकी एकोणीस आहेत," त्या म्हणाल्या. "नुसतं बघितलं तर हे कमी वाटतं. पण तुमच्या फाइलमध्ये तेविसाव्या वर्षीची हीच परीक्षा आहे. तेव्हाही एकोणीसच होते. माणसाची तुलना आम्ही त्याच्या स्वतःशीच करतो. तुमच्यात फरक पडलेला नाही."

डार्लीनच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तिचा तो चेहरा बघताना ओरेस्टच्या पायाखालची जमीन सरकत होती.

"फक्त एक विचारते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेविसाव्या वर्षी एकोणीस म्हणजे जरा कमीच. त्याच्या आधी कधी जबर मार बसला होता? की त्या दिवशी आजारी वगैरे होतात?"

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. पण ते म्हटलं की गाडी चालवायचा परवाना जाणार, रिंकच्या किल्ल्या जाणार, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर आत्ताच परत आलेला रंग जाणार.

"मी शाळेत ढ होतो," ओरेस्ट म्हणाला.

"ढ?" डार्लीन डोळे पुसत हसली. "इतिहासात पहिला यायचास की."

"इतिहासातच," तो म्हणाला.

परतताना गाडी त्यानेच चालवली. दोन्ही बाजूला कापणी झालेली गव्हाची रानं, मधून सरळसोट रस्ता. डार्लीन कितीतरी महिन्यांनी बडबडत होती. नाताळला कार्सन येईल तेव्हा मागच्या खोलीला रंग द्यायचा म्हणाली. कार्सन त्यांचा एकुलता एक, वीस वर्षांचा. या क्षणी तो सीमेपलीकडे लीगच्या निवड शिबिरात होता. विलो बेंडच्या रिंकमध्ये शिरताना भिंतीवर दोन तसबिरी आहेत, वासिलची आणि ओरेस्टची. शेजारी तिसरा खिळा गावाने आत्ताच ठोकून ठेवला होता.

नदी आली. पुलावर चाकांचा आवाज बदलला.

"पूल!" ओरेस्ट ओरडला. "पूल होता त्यात!"

"बघ," डार्लीन म्हणाली, "आठवतंय की. उगाच घाबरलो आपण."

वाटेतच वासिलचा वृद्धाश्रम होता. बुधवारी वासिलला होलुप्ची लागायची, कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेली, आणि ती डार्लीनच्याच हातची लागायची. म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. हाताच्या बोटांची पेरं मोडून मोडून अशी झाली होती की त्याला चमचा धरता येत नसे. मुलाला तो बहुतेक ओळखत नव्हता, सुनेला कधीकधी.

"कसे आहात, बाबा?" ओरेस्टने हात वर केला.

"दोन," वासिल म्हणाला.

डार्लीन हसली. सगळेच हसायचे. आश्रमातल्या नर्सही येता-जाता त्याला हात दाखवायच्या, तो दोन म्हणायचा, त्या खूश व्हायच्या. ओरेस्टला आज हसू आलं नाही.

डार्लीन म्हाताऱ्याला भरवत होती तेवढ्यात फोन वाजला. ओरेस्टला कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून तो नेहमी आवाज मोठा करून फोन समोर धरायचा. आजही सवयीने तसाच धरला.

"बाबा, तासाभरात परीक्षेला बोलावतायत," कार्सनचा आवाज खोलीभर झाला. "दर तिसरं की दर चौथं? तिसरंच म्हणाला होतास ना?"

"काय तिसरं?" डार्लीनने विचारलं.

"आई आहे का तिथं? अरे देवा. बाबा, बाहेर जा ना जरा."

ओरेस्ट बाहेर गेला नाही. जाता आलं असतं, व्हरांडा चार पावलांवर होता. गेल्या हिवाळ्यात तो असाच बाहेर जाऊन बोलला होता. तेव्हा डोक्याला मार बसून कार्सन कुठल्याशा भाड्याच्या खोलीत चार दिवस पडदे लावून पडला होता, उजेड सहन होत नव्हता, आणि ओरेस्टने त्याला सांगितलं होतं, पोट बिघडलंय म्हण.

"काही चुकवायचं नाही," ओरेस्ट म्हणाला. "सरळ दे परीक्षा."

"काय?"

"जेवढी येतील तेवढी सगळी बरोबर लिही."

"बाबा, डोकं फिरलंय का तुझं? पंचेचाळीस पोरं आहेत इथं. फार तर दोघांना घेणार. उद्यापासून सामने. खरे गुण दिले आणि परवा कुणी ठोकलं की मी दोन आठवडे बाकावर. म्हणजे घरीच! तूच शिकवलंस की हे."

"मीच शिकवलं. आणि मीच सांगतोय, नको."

"का पण?"

ओरेस्टने डार्लीनकडे पाहिलं. तिच्या हातातला चमचा म्हाताऱ्याच्या तोंडापाशी तसाच थांबला होता आणि म्हातारा आ करून वाट बघत होता.

"मी आज दिली," तो म्हणाला. "तीच परीक्षा. एकोणीस पडले."

पलीकडून खदाखदा हसणं. "वा रे पठ्ठ्या! अजून जमतंय की! मुद्दाम ना?"

"नाही रे."

"मुद्दामच रे. मला शिकवतोस?"

"नाही, कार्सन. जीव तोडून दिली. पाच शब्द होते, दोन आठवले. तेव्हाचे एकोणीस खोटे होते. आजचे खरे आहेत. ऐकतोयस का? आडातच नाही आता, पोहऱ्यात कुठून येणार? मी रेघसुद्धा मुद्दाम नव्हती सोडली. मला आठवलीच नाही. लाल रेघ असते हेच आठवलं नाही."

एवढं तो आयुष्यात एका दमात कधी बोलला नव्हता. त्याला रडू येत होतं आणि ते पोराला ऐकू जाऊ नये असं वाटत होतं, आणि जावं असंही वाटत होतं.

"बाबा," कार्सन म्हणाला. आवाज लहान झाला होता. "दमला असशील तू. लांबचा प्रवास झालाय. हे बघ, खिळा ठोकलाय त्यांनी भिंतीवर. मी काय करू?" मागून कुणीतरी हाक मारली. "ठेवतो. आजोबांना सांग मी विचारलं म्हणून."

डार्लीनने तो घास म्हाताऱ्याला भरवला, त्याचं तोंड पुसलं, डबा बंद केला. मग पलंगाच्या कडेवर बसली.

"डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू शाळेत ढ होतास."

त्याने फोन खिशात घातला.

"कार्सनचं पोट बिघडलं होतं, फेब्रुवारीत. मी दोन दिवस सूप कसं करायचं ते फोनवर सांगत होते त्याला. पोटच होतं ना?"

"नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, दारामागे टांगलेल्या त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि गाडीच्या किल्ल्या काढून आपल्या पर्समध्ये टाकल्या.

"कोट," ओरेस्ट म्हणाला.

"काय?"

"कोट होता. चार आठवले आता."

दवाखान्याला फोन करायला ती व्हरांड्यात गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. ती बराच वेळ बोलत होती, मधेच कपाळाला हात लावत होती. ओरेस्ट बापाशेजारी बसून राहिला. पाचवा शब्द काय होता ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. मग सोडून दिला.

साडेतीनला फोन थरथरला. कार्सनचा निरोप होता.

"झाली. १९. तुझ्याएवढेच. काळजी करू नकोस."

त्याने तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला तो एवढ्यासाठी, की पोराने ऐकलं असतं तर किती पडले असते, हा आकडा आता कुणालाच कधी कळणार नव्हता. डॉक्टरांनाही नाही, आणि पुढे कधी कार्सनच्या बायकोने चार पत्रं लिहून फाइल मागवली तर तिलाही नाही.

डार्लीन आत आली. डोळे लाल होते. त्याने फोन तिच्यापुढे धरला, तिने वाचला आणि परत दिला.

"सोमवारी परत बोलावलंय," ती म्हणाली. "चल. गाडी मी चालवते."

तिने त्याला कोट चढवायला मदत केली. कोट त्याला स्वतःला घालता येत होता, तरी त्याने तिला घालू दिला. दाराशी जाऊन तो वळला.

"येतो, बाबा," असं म्हणून त्याने हात हलवला. पाची बोटं, पुरा पंजा.

वासिलने त्या हाताकडे नीट, डोळे बारीक करून पाहिलं.

"दोन," तो म्हणाला.

मग त्याने मोडक्या बोटांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि उठायला लागला. उत्तर बरोबर आलं होतं, आता त्याला बर्फावर परत जायचं होतं.