सहा महिन्यांचा योगी

मार्गासनीत ठकुबाईंच्या अंगणात चपला काढायला जागा उरली नव्हती. वरवे बुद्रुकहून तर टेम्पो भरून माणसं आली होती. सगळी गर्दी ठकुबाईंच्या सहा महिन्यांच्या नातवासाठी. स्वानंद पाळण्यात अर्धवट डोळे मिटून पडला होता. रडत नव्हता, हातपाय झाडत नव्हता. बायका त्याच्या पायावर डोकं टेकवत होत्या.

शेजारी गादीवर मधुनाथ महाराज. "बघा, भक्तहो! हठयोग्यांची बारा वर्षं जातात, या बाळानं पंधरवड्यात मौन साधलं! कड्यावरचा मध आणि त्यात आमचा मंत्र!"

हे महाराज उष्टावणाच्या दिवशी न बोलावता आले होते. पोराची किरकिर पाहून त्यांनी मधाची बरणी काढली आणि सोन्याच्या अंगठीनं दिवसातून तीनदा चाटवायला सांगितलं. नंतर पोर गप्प झालं आणि महाराज थोर झाले.

मी भोरचा निवृत्त विज्ञानशिक्षक. बाळाची आई स्नेहल माझी विद्यार्थिनी. "सर, मला हे ध्यान वाटत न्हाई," असं फोनवर सांगून तिनंच मला बोलावलं होतं.

मधात पाक कालवलेला असणार, भेसळ पकडली की बुवा पकडला, असा माझा शहाणपणा. मी ऐटीत पेलाभर पाणी मागवलं, मधाचा थेंब सोडला. थेंब न विरघळता तळाशी जाऊन बसला, म्हणजे घरगुती कसोटीनं मध अस्सल ठरला. महाराज खदखदून हसले, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि माझं तोंड एवढंसं झालं. बरं झालं. मी मूर्खासारखा बरणी तपासत होतो, पोराकडे पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात उपकेंद्रातली नर्स प्रेरणा आली. स्वानंदची लस राहिली होती, म्हणून ती घर शोधत आली होती. तिनं बरणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"शी कधी झालीवती?"

"पाच दिस झालं, ताई," स्नेहल म्हणाली.

"अंगावरचं दूध ओढतोय का?"

स्नेहलला रडू फुटलं. "तोंडात धरतोय, पण ओढत न्हाई."

"समाधीत आहार कशाला?" महाराज मध्येच बोलले.

प्रेरणानं बाळाच्या काखांत हात घालून त्याला उचललं. मान मागं लोंबली. "आजी, उष्टावणाला मान धरत व्हता ना?"

"व्हय की. चांगला बसत व्हता टेकून."

"मग ही समाधी न्हाई. मध चाटवताय न्हवं? त्यानंच अंगातली ताकद चाललीय त्याच्या. उद्या श्वास घ्यायलाबी जमायचं न्हाई. गाडी बोलवा!"

"पर मध अस्सल हाय गं," ठकुबाई म्हणाल्या. "म्याच चाटवला."

"अस्सल मधातबी बाळाला बाधणारे जंतू असू शकत्यात, आजी."

रुग्णवाहिका आली तेव्हा गादी रिकामी होती. त्रिकालज्ञानी महाराज कापूरहोळची एसटी धरून पसार झाले होते.

पुण्यात स्वानंद सतरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होता. डॉक्टरांनी उलगडा केला. मधात काही जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती सहसा रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात, विष सोडतात आणि स्नायू ढिले पडतात. पापण्या मिटतात, शी अडते, रडण्याचा आवाज जातो. ज्याच्या पायावर लोकांनी डोकी टेकवली, ते बाळ विषानं लुळं पडत होतं!

म्हणून हात जोडून सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. कड्यावरचा नको, दुकानातला नको, देवापुढचा नको, खिरीत शिजवलेलाही नको. आणि हसरं-रडकं पोर अचानक शांत झालं तर दर्शनाला जाऊ नका, दवाखाना गाठा.

स्वानंद वाचला. परवा भावकीतल्या एका उष्टावणाला कुणीतरी मधाची वाटी आणली. ठकुबाईंनी ती भर पंगतीत हिसकावली.

"वरीस होऊ द्या त्याचं," त्या म्हणाल्या. "माझा नातू म्या ह्याच हातानं मारला असता."