थोरल्या मालकांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि कुणी तोंडावर जुनी म्हटलं की मला राग येतो. दिसायला मी मोठी ऐटदार. उंच पाठ, लाल मखमल, हातावर कोरलेल्या वेली. पण खरं सांगू? बडा घर पोकळ वासा! नाटक मंडळीच्या सुताराने मला एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून बनवलं आणि नक्षी फक्त डाव्या बाजूला कोरली. "प्रेक्षक डावीकडे बसणार. उजवी बाजू बघायला कोण येतंय?" असं म्हणून तिकडे त्याने नुसता रंग फासला.

आमचं नाटक लोकांना तोंडपाठ होतं. एक श्रीमंत घर, तिथली तरुण मालकीण आणि तिचा गडी. थोरले मालक वारले, तरी त्यांच्या खुर्चीला नोकरांनी हात लावायचा नाही, असा त्या घरचा दंडक. शेवटच्या अंकात तो गडी सरळ येऊन माझ्यावर बसतो आणि म्हणतो, "आज मी उठणार नाही, बाईसाहेब. उठवायचं असेल, तर हात धरून उठवा." ती हात पुढे करते. हाताला हात लागायच्या आत पडदा! लोक डोळे पुसत टाळ्या वाजवायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

गड्याचं काम करणारा नट इस्त्रीवाल्याचा मुलगा होता. आधी तो मंडळीचे कपडेच इस्त्री करायचा, म्हणून सगळे त्याला इस्त्रीच म्हणत. मालकीण व्हायची ती बाई मात्र खरोखरच बंगल्यातली, मोटारीतून येणारी. "काय रे इस्त्री, आज चेहऱ्यालाच सुरकुत्या?" अशी ती त्याची थट्टा करायची आणि तो खाली बघून हसायचा. प्रयोग संपला की ती आपली शाल माझ्या पाठीवर विसरून जायची. तो तिची घडी घालून ठेवायचा. इस्त्रीवाल्याचा मुलगा, पण त्या एका शालीची घडी घालायला त्याला केवढा वेळ लागायचा! मी लाकडाची असले, तरी अगदीच ठोकळा नाही. मला सगळं कळत होतं.

आता आमच्या नटांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिनेच घडवलं. भारी वाक्य आलं की ते प्रेक्षकांकडे तोंड करून टाकायचं. ऐकणारं पात्र मागे उभं असलं तरी चालेल, पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसला पाहिजे. त्यामुळे इस्त्री इतकी वर्षं ते हाताचं वाक्य बाईला कधी बोललाच नाही. मान डावीकडे वळवून अंधारातल्या लोकांना बोलला.

पुढे बाई सिनेमात गेली, तिचं नाव झालं. नाटक बंद पडलं. इस्त्री वडिलांच्या दुकानात परतला आणि मी गोदामात. मग एक दिवस बाईनेच ठरवलं की आपल्या नाटकाचा सिनेमा करायचा. मला झाडून पुसून बाहेर काढलं, डगमगणारा पाय ठोकला. दिग्दर्शकाला माझ्या मागे खिडकी हवी होती, म्हणून कॅमेरा माझ्या उजवीकडे लागला आणि माझी उजवी बाजूही कोरून घेतली. उशिरा का होईना, माझं भाग्य उजळलं!

गड्याच्या कामासाठी सिनेमावाल्यांना एक देखणा, नावाजलेला नट हवा होता. बाई म्हणाली, "इस्त्रीला एकदा बघा तरी." दिग्दर्शक भला माणूस. म्हणाला, "बघतो. चेहरा बोलला, तर काम त्याचं."

इस्त्री आला. सदरा असा कडक की घडीवर बोट कापावं. बाईची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी बसलेला एक मदतनीस वाचणार होता. बाई चित्रात येऊ नये म्हणून माझ्या डावीकडे, खिडकीपासून जरा बाजूला, भिंतीशी चहाचा कप घेऊन उभी राहिली. इस्त्री माझ्यावर बसला. त्याचे तळवे घामाने चिंब झाले होते. हे काम गेलं तर पुन्हा दुकान, आणि बाई पुन्हा पडद्यावरच दिसणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

वाक्य आलं. त्याने मान डावीकडे वळवली.

अरे उजवीकडे, उजवीकडे बघ! मी आतल्या आत किंचाळले. पण लाकडाचं कोण ऐकतो? सवयीने तो अंधारातले प्रेक्षक शोधायला वळला आणि समोर बाई उभी होती.

"आज मी उठणार नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. इतक्या हळू, की शेवटच्या रांगेला ओठसुद्धा हललेले दिसले नसते. "उठवायचं असेल, तर हात धरून उठवा."

मित्रांनो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण त्या दिवशी तो नाटकातलं बोलत नव्हता. बाईच्या कपातला चहा बशीत सांडला. तिचा हात उचलला गेला, मी पाहिला. तो केसांकडे गेला आणि बट मागे सारून खाली आला.

"अहो, मला तर तुमची मानच दिसली!" दिग्दर्शक हसला. "बाई, चेहरा तुम्हालाच दिसला. कसं झालं? खुर्ची फिरवून परत घेऊ या की."

बाई कपात बघत राहिली. "नको," ती म्हणाली. "त्याला नाही जमायचं. राहू दे."

इस्त्री क्षणभर बसून राहिला. मग आपला आपणच उठला. रुमालाने माझे हात पुसले, "येतो बाई" म्हणाला आणि गेला.

सगळे जेवायला गेल्यावर बाई येऊन माझ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मला तिचा संताप आला होता, पण तिचं रडणं ऐकून माझंच काळीज फाटलं. करणार काय? तिचं ओझं तेवढं पेललं. सिनेमा देखण्या नटाला घेऊन पुरा झाला. त्यात बाईने त्याचा हात खरोखर धरला. लोकांनी फार वाखाणला म्हणे.

आता मी पुन्हा गोदामात आहे. मखमल उंदरांनी खाल्ली. माझी धूळ झटका, मला नवं कापड घाला, असं मी मागावं, पण मन होत नाही. तुम्ही एवढंच करा. कुणी तुमच्यासमोरून आपला आपण उठून निघाला आणि तो जायला नको असेल, तर त्याला "बस" म्हणा. मी म्हटलं नाही, कारण मला तोंड नाही. बाईला होतं.