मर्व्हिनच्या गुडघ्यामागचा डाग

सन १९९७, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, तेव्हा वसंत सरत आलेला असतो. गवत गुडघाभर, आणि दूध वर्षातलं सगळ्यात जास्त. त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी आजारी गाईंच्या यादीत एका माणसाचं नाव चढलं. ते माझ्या अंगावरच लिहिलेलं होतं, म्हणून खात्रीने सांगतो.

मी फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळा मी पाहिली नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी तारानाकीतल्या हॉस्किन बंधूंच्या गोठ्यातला फळा. मला आकडे येतात आणि दुखणी येतात. गाय चौऱ्याऐंशी, मागचा डावा सड, दगडी, म्हणजे सुजून कडक. एकशे दोन, लंगडते. एवढ्या शिक्षणावर मी चाळीस वर्षं काढली.

१९५७ साली विल्फ हॉस्किनची दुधाची घोडागाडी मोडली. तिच्या तळाच्या चार फळ्या जोडून त्याने मला केलं, वर काळा रंग दिला आणि गोठ्यातल्या खड्ड्याच्या टोकाला, पायऱ्यांशेजारी टांगलं. आमच्याकडे दूध काढणारा खड्ड्यात उभा राहतो आणि गाई दोन्ही बाजूंना वर उभ्या राहतात. वाकावं लागत नाही. कास छातीसमोर येते.

विल्फने दोन्ही मुलांना प्रार्थनेच्या आधी एक नियम शिकवला. जी गाय आजारी, तिच्या मागच्या पायावर तांबडा रंग मारायचा. "तांबडं दिसलं की हात थांबला पाहिजे. आधी ते, मग बाकीचं जग." औषध टोचलेल्या एका गाईचं दूध टाकीत गेलं तर सगळी टाकी नासते, म्हणून हा नियम. विल्फ गेला, नियम राहिला. तो मोडलेला मी पाहिला नाही.

विल्फनंतर गोठा मुलांकडे आला. थोरला मर्व्हिन, धाकटा नेव्हिल. दोघांनी लग्न केलं नाही. एकाच घरात राहत, एकाच चुलीवर रांधत. आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

कारण सांगतो. त्र्याऐंशीच्या पावसाळी हिवाळ्यात ट्रॅक्टर उतारावर कलंडला आणि नेव्हिल खाली सापडला. मर्व्हिनने कुंपणाचा खांब उपटून त्याच्या जोरावर ट्रॅक्टर धरला आणि एका हाताने चिखल उपसून भावाला बाहेर काढलं. मोठं काम होतं. पण मर्व्हिनला ते विसरता येईना, आणि दुसऱ्याला विसरू द्यायचं नव्हतं. जेवताना, भांडताना, बाजारात चार लोकांत, तेच. शहाऐंशी साली नेव्हिलला गावात जाऊन गॅरेज काढायचं होतं. मर्व्हिन याच खड्ड्यात म्हणाला, "तू घेतोस तो श्वाससुद्धा माझा आहे. कुठे निघालास?"

नेव्हिल गेला नाही. एवढंच म्हणाला, "एक जीव देणं आहे ना? फेडेन त्या दिवशी बोलेन."

"तर मग मीही त्याच दिवशी," मर्व्हिन म्हणाला.

तेव्हापासून जे काही सांगायचं ते माझ्या अंगावर खडूने. खडूत बसत नसेल ते तामतीच्या तोंडून. तामती म्हणजे दूध न्यायला येणारा टँकरवाला. माणूस भला.

"तामती, त्याला सांग, वरच्या कुरणाचं फाटक काल उघडं राहिलं होतं."

"नेव्हिल, तुझा भाऊ म्हणतो..."

"ऐकलं मी. त्याला सांग, फाटक त्यानेच उघडं टाकलं होतं."

"अरे म्हाताऱ्यांनो, मला दुधाचा पगार मिळतो, निरोपांचा नाही!"

असं चाललं होतं. आता डागाचं सांगतो.

दूध काढणारा पुढून रबरी एप्रन बांधतो. मागून उघडाच. खाली अर्धी चड्डी आणि गमबूट. मधे वीतभर पाय उघडा राहतो. कुंपण ठोकताना, गवत उचलताना माणूस वाकतो, तेव्हा नेमक्या त्या वीतभर जागेवर ऊन सरळ पडतं. डोक्याला टोपी असते. तिथे काय असणार? आणि खड्ड्याच्या पायऱ्या चढताना तीच जागा माझ्या तोंडासमोर येते. मर्व्हिनच्या डाव्या पायाचं मागचं अंग मी त्याच्यापेक्षा चांगलं ओळखत होतो. त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं.

तिथे एक तीळ होता. मसुराच्या दाण्याएवढा, गोल, तपकिरी. आजूबाजूला त्याच्यासारखे आणखी बरेच होते. चाळीस वर्षं कुणी हललं नाही, कुणी वाढलं नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, त्या एका तिळाची एक कड काळी झाली. मला वाटलं शेण उडालं असेल. संध्याकाळी नळीच्या पाण्याने पाय धुतले. ते गेलं नाही.

मे महिन्यात त्याचा गोलपणा गेला होता. एक बाजू जागेवर राहिली आणि दुसरी पसरली. जूनमध्ये विण्याआधी गाईंचं दूध आटवलं, गोठा बंद झाला. दोन महिने मी अंधारात पाण्याचा टपटप आवाज ऐकत होतो आणि त्या डागाचा विचार करत होतो. मी भित्रा नाही. माझ्यासमोर गाई मेल्या आहेत, अडलेली वासरं दोरीने ओढून काढली आहेत. पण त्या दोन महिन्यांत मला भीती वाटली.

ऑगस्टमध्ये गाई व्याल्या, दार उघडलं. मर्व्हिन पायऱ्या उतरला, काम करून पुन्हा चढला, आणि मी पाहिलं. डाग खडूच्या बुडाहून मोठा झाला होता. कड फाटल्या कापडासारखी. एका बाजूला तपकिरी, एका बाजूला काळा, आणि मधे एक निळसर ठिपका थोडा वर आलेला. जी गाईच्या कासेवर बोटभर सूज आली तरी हात लावून ओळखतात, ती ही माणसं. एकशे चाळीस गाईंचे पाचशे साठ सड रोज दोनदा बघतात. एकमेकांकडे मात्र बघत नाहीत.

माझ्यावर जे लिहिलं जातं तेच मी सांगू शकतो. त्या डागाबद्दल कुणी लिहीत नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तामती आला. टँकरची नळी लावून खड्ड्याच्या काठावर बसला.

"धरणाच्या रस्त्यावरच्या क्लाइव्हला काल पोचवला," तो म्हणाला.

"क्लाइव्ह? तो तर माझ्याहून लहान," मर्व्हिन म्हणाला. "कशाने?"

"खांद्यावर काळा डाग होता. वर्षभर वर पट्टी चिकटवून हिंडला. बायको म्हणे दाखव, हा म्हणे वासरं होऊ देत. वासरं झाली. मग म्हणे गवत कापून होऊ दे. गवतही कापलं. मार्चमध्ये यकृतात निघालं." तामतीने हाताकडे पाहिलं. "शवपेटी आम्ही सहाजणांनी उचलली. एकट्याने उचलली असती तरी चाललं असतं, इतकाच उरला होता."

मर्व्हिन म्हणाला, "नशीब," आणि पुढच्या गाईला दूध काढायचं यंत्र लावायला वळला. तो वळला तेव्हा त्याची पाठ नेव्हिलकडे झाली. नेव्हिलची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली. त्याच्या हातातलं यंत्र हवा ओढत फुसफुसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर लिहिलेलं होतं, "तुझ्या डाव्या गुडघ्यामागे काळं आहे. डॉक्टरला दाखव."

मर्व्हिनने वाचलं. बाहीने पुसलं. खाली लिहिलं, "८४ चं बघ."

तामती आल्यावर म्हणाला, "त्याला सांग, जन्मखूण आहे. आईलाही होती."

तामतीने वाकून पाहिलं. "जन्मखूण साठीला आल्यावर वाढते होय? आणि टोपी घालून फिरतोस मोठा. गुडघ्याला नाही शिवलीस एखादी?"

"तू दूध भर आणि चालता हो."

पण मी जे पाहिलं ते त्या दोघांनी पाहिलं नाही. त्या शनिवारी मर्व्हिन लवकर आला, एकटा. त्याने स्टीलची बादली उचलली, तिचं चकचकीत बूड पायामागे धरलं आणि मान वळवून वळवून त्यात बघू लागला. साठ वर्षांचा ताठ माणूस, एका पायावर, भिंतीला धरून. दिसलं असावं. कारण बादली खाली ठेवताना वाजली. मग तो पायरीवर बसून राहिला. गमबुटाची कड तिथे घासत होती आणि बुटाच्या आत रक्ताची रेघ उतरली होती. त्याने बोटाने ती पुसली, बुटाचं तोंड दुमडून खाली केलं आणि यंत्र चालू केलं.

त्याला कळलं होतं. दाखवायला जाणार नव्हता. घाबरलेला माणूस आणि हट्टी माणूस पाठीमागून सारखेच दिसतात.

मंगळवारी नेव्हिल एप्रन न बांधता उतरला. मर्व्हिन गाईची कास धूत होता. नेव्हिलने कपाटातून तांबड्या रंगाचा डबा काढला, हलवला आणि भावाच्या मागे बसून डागाभोवती फवाऱ्याने कडं काढलं. पूर्ण, गोल, तांबडं.

मर्व्हिन ओरडला, "वेड लागलं का? मी गाय आहे?" अकरा वर्षांनी तो थेट भावाशी बोलला, पण ते ओरडणं होतं, बोलण्यात धरता येत नाही.

नेव्हिलने डबा खाली ठेवला. खडू घेतला आणि चौऱ्याऐंशीच्या खाली लिहिलं, "मर्व्हिन. डावा पाय. डॉक्टरने बघेपर्यंत काम बंद." मग भिंतीवरचं बटण दाबलं. यंत्र थांबलं. माझ्या आयुष्यात दूध काढता काढता यंत्र कधी थांबलं नव्हतं. नेव्हिल खालच्या पायरीवर हाताची घडी घालून बसला.

बाहेर अंगणात शंभरावर गाई तुंबलेल्या कासेने हंबरू लागल्या. मर्व्हिन बटणाकडे गेला. हात वर केला. मग खाली आपल्या पायाकडे बघितलं. मागे वळून जितकं दिसतं तितकं तांबडं दिसलं. विल्फचा नियम होता. हात थांबला पाहिजे.

तेवढ्यात तामती आला. पाय बघून आधी हसला. "काय रे, विकायला काढलास का याला?" मग त्याने कड्याच्या आत पाहिलं आणि हसू गेलं. "मर्व्ह," तो हळू म्हणाला, "क्लाइव्हचा असाच होता."

बाहेर गाई हंबरत होत्या. मर्व्हिनने एप्रन सोडला, खिळ्याला अडकवला आणि पायऱ्या चढून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग नेव्हिल उठला आणि यंत्र लावलं. पहिल्या गाईला लावताना नळ्या त्याच्या हातून चार वेळा निसटल्या.

डॉक्टरने त्याच दिवशी डाग कापून तपासायला पाठवला. उत्तराला दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत मर्व्हिन टाके घेऊन घरी, नेव्हिल एकटा गोठ्यात. रोज यादी पुसायचा, नवी लिहायचा. मर्व्हिनच्या ओळीला हात लावायचा नाही. एकदा एकच गाय दोनदा आत घेतली. एकदा खडू हातातच मोडला, तर तुकड्यांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं त्याला क्लाइव्हची पेटी दिसत असेल.

उत्तर आलं. वाईट जातीचाच होता. पण पातळ होता, नखाच्या जाडीइतकाही खोल गेला नव्हता. मर्व्हिनला पुन्हा झोपवून भोवतीचं चांगलं दोन बोटं मांस काढलं आणि मांडीचं कातडं वर लावलं. पुढे कुठे पसरलेला सापडला नाही. डॉक्टर म्हणाला, आणखी एक हिवाळा काढला असतात तर मी तुम्हाला काही चांगलं सांगू शकलो नसतो. आणि म्हणाला, इतकी वर्षं डाग बघतोय, कुणी रंगवून आणलेला पहिलाच.

हे सगळं तामतीने येऊन सांगितलं. नेव्हिलने ऐकलं आणि पाण्याची नळी उघडून स्वच्छ असलेली फरशी धूत राहिला.

मी आता यंत्रांच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे. माझ्या जागी पांढरा गुळगुळीत फळा आला. त्याच्यावर शाईने लिहितात. माझा रंग उडाला, एका फळीला कीड लागली. तक्रार नाही. मर्व्हिन पुढे एकवीस वर्षं जगला आणि झोपेत गेला, हृदयाने.

उपदेश मला येत नाही. पण इतकी वर्षं माणसांचे मागचे पाय पाहिले आहेत, तेवढ्या हक्काने सांगतो. तुमची पाठ तुम्हाला दिसत नाही. दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. त्याच्याशी भांडण असलं तरी सांगा. जुना तीळ वाढला, त्याची कड फाटली, त्यात दुसरा रंग उतरला, रक्त आलं, किंवा नवाच एखादा उगवून इतरांपेक्षा वेगळा दिसू लागला, तर वासरं होऊ देत म्हणू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

एवढं सांगून उरलेली गोष्ट सांगतो.

जानेवारीत मर्व्हिन परत आला. लांब विजार घालून. तामती टँकर लावून काठावर उभा होता, नेव्हिल खड्ड्यात गाईला यंत्र लावत होता. मर्व्हिन एक एक पायरी धरून उतरला आणि माझ्याशेजारी थांबला.

"तामती," तो म्हणाला, "त्याला सांग..."

तामती वाट बघत राहिला. मर्व्हिन वळला, भावासमोर जाऊन उभा राहिला.

"फिटलं," तो म्हणाला.