मुजावर सरांची काठी

मित्रांनो, मी शिसवी लाकडाची एक जुनी काठी आहे. गडहिंग्लजच्या एका सुताराने मला घडवले आणि मी कोल्हापुरात प्राध्यापक हुसेन मुजावरांच्या हाती आले. सर कॉलेजात धर्मशास्त्र शिकवत. कुराण असो वा गीता, ते बोलू लागले की मागचे बाकसुद्धा गप्प होई. आई वारलेली एक विद्यार्थिनी त्यांना म्हणाली, "सर, माझा देवावर राग हाय." सर म्हणाले, "मग भांड की त्याच्याशी. भांडायला तरी तो हाय असं मानावंच लागतंय."

काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यात पहाटेची नमाज पढून सर कसबा बावड्याच्या रस्त्याने परतत होते. मागून मोटार आली. मी उडून उसात पडले, सर डांबरावर. मोटार थांबली नाही. बऱ्याच वेळाने दूध घालायला निघालेल्या केरबाने सरांना दवाखान्यात नेले, उसातून मलाही उचलून सोबत घेतले. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणले असते तर वाचले असते.

मोटार सरांच्याच जुन्या विद्यार्थ्याची, राजवर्धनची निघाली. जामिनावर सुटून तो शोकसभेला आला आणि माईक घेऊन म्हणाला, "सरांनी आम्हाला क्षमा शिकवली."

सरांची मुलगी शिफा मला घेऊन उठली. तिने माझे टोक त्याच्या छातीला लावले. तिने मारावे, असे मला फार वाटत होते.

"थांबला व्हता का तुम्ही?" तिने विचारले.

"ताई, धुकं लई व्हतं..."

"इचारलंय तेवढंच सांगा. माईकवर."

त्याने माईक पुन्हा तोंडाशी धरला. "न्हाई थांबलो," राजवर्धन म्हणाला. "सर पडल्यालं दिसलं व्हतं. भ्यालो आणि पळालो."

"अब्बांनी क्षमा केली असती," शिफा म्हणाली. "मी न्हाई करायची."

त्या दिवसापासून ती नमाज संपली की तिथेच बसून अल्लाशी भांडे. "त्यांनाच का नेलंस?" असे विचारी. नमाज मात्र तिने कधी चुकवली नाही आणि कोर्टाची तारीखही नाही. सभेतली माणसे साक्षीला उभी राहिली. राजवर्धनला शिक्षा झाली. शिफा हसली नाही, रडलीही नाही. मला मात्र, खरे सांगते, बरे वाटले.

आता मी दाराआड उभी असते. मित्रांनो, माझी निगा कोणी राखली नाही तरी चालेल. पण रस्त्यात माणूस पडलेला दिसला तर गाडी थांबवा. नाही थांबवलीत, तर त्याच्या घरातही एखादी काठी असेल, आणि ती उचलणारे कोणीतरी असेल.